गाडी रात्री कुठे उभी असते?

नमस्कार ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. मी इथल्या सरकारी रुग्णालयात रेडिओग्राफर आहे. माझे मिस्टर गाड्यांच्या एक्झॉस्टचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. मुलं दोन, एक सात वर्षांचं, एक तीन. आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक थकली आहे. गॅरेजवाला नुसत्या क्लचचे 700 पौंड सांगतो. जूनमध्ये पुण्याहून बाबा येणार आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खाली वाकून गाडीत बसणं त्यांना जमत नाही, म्हणून एसयूव्ही घ्यायची ठरवली. शोरूम हिंडलो तर जिकडेतिकडे चिनी इलेक्ट्रिक गाड्या. 30 हजार पौंडांच्या आसपास, आणि आत इतकं काही देतात की त्याच पैशातली युरोपियन गाडी रिकामी वाटते. फोनवर बाबांना सांगितलं तर भडकले. पिंपरीच्या मोटार कारखान्यात त्यांची 33 वर्षं गेली. "विमानतळावर चिनी गाडी आणू नकोस, मी बसनं येईन," म्हणाले. मिस्टर काहीच बोलत नाहीत, "तुला हवी ती घे," एवढंच. मैत्रीण म्हणते, या कंपन्या दोन वर्षांत गाशा गुंडाळतील, आणि गाडी आपलं बोलणं ऐकते म्हणे. एमजी घेतली तर ती ब्रिटिशच ना? घ्यावी की नको?

— एक वाचक, कॉव्हेंट्री

ता. क. सध्या गाडी घरासमोरच्या रस्त्यावर, जागा मिळेल तिथे लावतो. वर्षाला आठेक हजार मैल होतात. पुढच्या वर्षी मोठं घर बघायचं चाललंय.

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाबांचा राग, मिस्टरांचं गप्प राहणं, मैत्रिणीनं घातलेली भीती, सगळ्यावर लिहिणार आहे. पण हा व्यवहार ज्या एका गोष्टीवर तरेल किंवा बुडेल, ती तुम्ही जाता जाता ता. क. मध्ये लिहिलीत. गाडी रात्री कुठे उभी असते? शांघायची असो, संडरलंडची असो की स्टुटगार्टची, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटली की मी पहिला प्रश्न हाच विचारते.

हिशोब मांडते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक एसयूव्ही एका युनिट विजेवर साधारण साडेतीन मैल जाते. तुमच्या 8 हजार मैलांना 2300 युनिटं लागतील. घराच्या दारात स्वतःचा चार्जर असेल आणि रात्रीचा स्वस्त दर घेतला, तर युनिट सातेक पेन्सला पडतं. वर्षाचे झाले 160 पौंड. तीच वीज मोटरवेवरच्या जलद चार्जरवर घेतलीत तर युनिटला 75 पेन्सच्या आसपास, म्हणजे वर्षाला 1700 पौंड. रस्त्याकडेच्या, दिव्याच्या खांबावरच्या संथ चार्जरवर 50 पेन्स धरले तरी 1150. आणि तुमची थकलेली हॅचबॅक गॅलनला 40 मैल देत असेल, पेट्रोल लिटरला 1 पौंड 35 पेन्स धरलं, तर वर्षाला साधारण 1225. बघा आता. घरी चार्जिंग असेल तर वर्षाला हजार पौंड वाचतात. नसेल तर फारसं काही वाचत नाही, उलट खर्च वाढू शकतो, आणि वर पावसात केबल ओढत उभं राहायचं.

यातला एक अन्याय मला फार बोचतो. घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के आणि रस्त्यावरच्या चार्जरवर 20 टक्के. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला स्वस्त, आणि जो तुमच्यासारखा भिंतीला भिंत लागलेल्या घरात राहतो त्याला महाग. स्वस्त चिनी गाड्यांमुळे इलेक्ट्रिक गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली असं लोक म्हणतात. गाडी आली आवाक्यात, हे खरं. वीज अजून आलेली नाही.

म्हणून या आठवड्यात शोरूमच्या आधी तुमच्या रुग्णालयाच्या इस्टेट विभागात जा. कर्मचाऱ्यांसाठी चार्जर आहेत का, दर काय आहे, कामाची पाळी संपेपर्यंत गाडी तिथे ठेवता येते का, हे विचारा. आठवड्यातून दोनदा कामावर गाडी चार्ज झाली तर तुमची भागते. दुसरं, कॉव्हेंट्री कौन्सिलला विचारा की फुटपाथमध्ये केबलसाठी झाकणाची अरुंद चर घालून देतात का. सरकारनं 2025 मध्ये कौन्सिलांना त्यासाठी पैसे देऊ केले आहेत. पण घरासमोरचीच जागा रोज मिळेल याची खात्री तुम्हाला नाही, त्यामुळे चर घातली तरी तिचा भरवसा धरू नका. आणि पुढच्या वर्षी घर बघाल तेव्हा बागेपेक्षा दारापुढची गाडी लावायची जागा बघा. गाडीचा खरा खर्च त्या जागेवर ठरेल.

अजून एक आकडा डोक्यात असू द्या. एप्रिल 2028 पासून इथे इलेक्ट्रिक गाडीला मैलामागे 3 पेन्स कर लागणार, असं नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. तुमच्या वापराला वर्षाला 240 पौंड. घरी चार्जिंग असेल तर त्यानंतरही इलेक्ट्रिकच स्वस्त. नसेल तर ती पेट्रोलपेक्षा महाग पडेल.

आता चीनकडे येऊ.

या गाड्या स्वस्त का, हे कळलं की कशा घ्यायच्या तेही कळतं. इलेक्ट्रिक गाडीतली सगळ्यात महाग वस्तू बॅटरी. बीवायडी ही शेन्झेनची कंपनी 1995 मध्ये बॅटऱ्या बनवण्यासाठीच निघाली, गाड्या नंतर आल्या. आज ती बॅटरीचे सेल स्वतः बनवते, इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा भाग स्वतः बनवते, गाड्या परदेशी न्यायला जहाजंसुद्धा तिची स्वतःची आहेत. या कंपन्या बहुधा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या वापरतात. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणून खर्च कमी. त्या जास्त वेळा चार्ज केल्या तरी टिकतात, पूर्ण 100 टक्के भरल्या तरी चालतात. फक्त थंडीत थोड्या मंदावतात. म्हणून शोरूममध्ये विचारा की या गाडीत हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी आतून गरम ठेवणारं यंत्र, आहे का, आणि छापील रेंजमधून हिवाळ्यासाठी पाव ते एक तृतीयांश वजा करा. बीवायडीच्या ॲटो 3 या एसयूव्हीची 261 मैल लिहिलेली रेंज जानेवारीत मोटरवेवर 180-190 मैल धरून चाला. तुमच्याकडून लंडनला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जाऊन परत येणं म्हणजे जवळजवळ तेवढंच अंतर. गणपतीला जाऊन याल आरामात, पण जानेवारीतल्या कार्यक्रमाला वाटेत वीस मिनिटं थांबावं लागेल. मुलांना तेवढा वेळ लागतोच.

स्वस्ताईची दुसरी बाजू सरकारी मदतीची. चीनच्या सरकारनं या उद्योगाला वर्षानुवर्षं हात दिला आणि कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले. युरोपियन युनियननं चौकशी करून 30 ऑक्टोबर 2024 पासून 10 टक्क्यांच्या नेहमीच्या आयात शुल्कावर आणखी शुल्क बसवलं. बीवायडीला 17 टक्के, गीलीला 18.8, एमजीच्या मालकांना, म्हणजे एसएआयसीला, 35.3. अमेरिकेनं तर त्याच वर्षी सप्टेंबरपासून 100 टक्के लावून दार बंदच केलं. ब्रिटननं जास्तीचं काही लावलं नाही, इथे तेच 10 टक्के. म्हणून तुम्हाला जिकडेतिकडे त्याच गाड्या दिसतात. सप्टेंबर 2025 मध्ये एकट्या बीवायडीनं ब्रिटनमध्ये 11,271 गाड्या विकल्या आणि चीनबाहेरची आपली सगळ्यात मोठी बाजारपेठ ब्रिटन झाल्याचं सांगितलं. (रस्त्यावर दिसणारी प्रत्येक चिनी एसयूव्ही इलेक्ट्रिक असते असं समजू नका. तुम्हाला वारंवार दिसत असेल ती जेकू 7 पेट्रोलवर किंवा प्लग-इन हायब्रिडवर, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज होणारी बॅटरी अशा जोडीवर, चालते. विक्रेत्यानं 'इलेक्ट्रिफाइड' म्हटलं तर थांबून नीट विचारा.)

आता तुमच्या खिशाशी थेट नातं असलेली गोष्ट. ॲटो 3 चीनमध्ये युआन प्लस नावानं विकतात. 2024 मध्ये तिथे तिची किंमत सुमारे 1 लाख 20 हजार युआनपासून सुरू होत होती, म्हणजे 13 हजार पौंडांच्या आसपास. इथे तीच गाडी 37 हजारांच्या घरात होती. जहाजाचं भाडं, शुल्क, व्हॅट, डीलरचं कमिशन सगळं धरलं तरी मध्ये भरपूर जागा उरते, आणि ती उरते म्हणूनच कंपनी उद्या किंमत उतरवू शकते. उतरवतातही. जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारनं 37 हजारांच्या आतल्या इलेक्ट्रिक गाड्यांना 1500 किंवा 3750 पौंडांचं अनुदान सुरू केलं. गाडी बनवताना किती कार्बन बाहेर पडतो यावर ते ठरतं, त्यामुळे चीनमध्ये तयार झालेल्या गाड्या त्यात बसल्या नाहीत. तर काही चिनी कंपन्यांनी तेवढी सूट आपल्याच खिशातून देऊन टाकली. नव्या गाडीची किंमत उतरली की ज्यानं सहा महिन्यांपूर्वी घेतली त्याच्या गाडीची किंमतही उतरते. दोन-तीन वर्षं वापरलेली ॲटो 3 आज नव्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते.

तेव्हा किंमत पडणार आहे हे धरून चाला, आणि ती पडझड दुसऱ्या कुणाच्या अंगावर राहील अशी व्यवस्था करा. रोख पैसे मोजून किंवा बँकेचं साधं कर्ज काढून नवी चिनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊ नका. हे मी ठामपणे सांगते.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली पीसीपीची, म्हणजे हप्ते भरत गाडी वापरायची आणि शेवटी ठेवायची की परत करायची ते ठरवायचं. त्यात तीन-चार वर्षांनी गाडीची किंमत किती राहील ते फायनान्स कंपनी आधीच लिहून देते. बाजारभाव त्याच्या खाली गेला तर गाडी परत करून मोकळं व्हायचं. दुसरी वाट दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घेण्याची. मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते आणि बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या 8 वर्षांची देतात, ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. मात्र सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण असल्याशिवाय हात लावू नका.

तिसरी वाट तुमच्या नोकरीतून जाते, सॅलरी सॅक्रिफाइसची. तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणीतरी तिची शिफारस करीलच. गाडीचा हप्ता पगार हातात यायच्या आधी कापला जातो, त्यामुळे तेवढ्या रकमेवर आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स लागत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर बहुधा त्यातच येतात. कंपनीची गाडी म्हणून जो कर बसतो तो 2026-27 मध्ये गाडीच्या किमतीच्या 4 टक्क्यांवर आहे. 30 हजारांची गाडी आणि तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात, तर वर्षाला 240 पौंड. पुढे तो वाढत 2029-30 मध्ये 9 टक्क्यांवर जाईल. ऐकायला छान वाटतं, आणि अनेकांसाठी आहेही. पण एनएचएसमध्ये, म्हणजे तुमच्या सरकारी आरोग्यसेवेत, गाडीसाठी कापलेला पगार पेन्शनच्या हिशोबातून वजा होतो. दरमहा 400 पौंड कापले तर तेवढ्या पगारावरची पेन्शन तुमच्या नावावर जमा होत नाही. शिवाय नोकरी सोडली, तास कमी केले, लांब रजेवर गेलात, तर करार मध्येच मोडण्याचा दंड बसू शकतो. पुढच्या वर्षी घर बदलताना रुग्णालय बदलण्याची थोडी जरी शक्यता असेल तर या वाटेला जाऊ नका. पगार विभागाकडून पेन्शनचा आकडा लेखी मागून घ्या. नुसत्या तोंडी "थोडासाच फरक पडतो" वर सही करू नका.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कंपन्या खरंच गाशा गुंडाळतात. ग्रेट वॉल मोटरनं 2024 मध्ये म्युनिकमधलं आपलं युरोपचं मुख्य कार्यालय बंद केलं. पण त्याच वर्षी दिवाळं निघालेली फिस्कर ही अमेरिकन कंपनी होती, आणि तिच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे मालक सॉफ्टवेअर कुणाकडे मागायचं या विवंचनेत पडले. त्यामुळे मूळ देशापेक्षा इथलं जाळं बघा. एमजी इथे पंधरा वर्षांच्या आसपास गाड्या विकते आहे आणि 7 वर्षं किंवा 80 हजार मैलांची हमी देते. लीपमोटरच्या गाड्या स्टेलांटिसच्या, म्हणजे पूज्यो-वॉक्सहॉलवाल्यांच्या जाळ्यातून विकल्या जातात. कालपरवा आलेल्या आणि जवळचा डीलर 60 मैलांवर असलेल्या ब्रँडपासून मात्र लांब राहा.

आणि सुट्या भागांची चौकशी करा. माझ्या आधीच्या गाडीला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मागून ठोकलं. साधा बंपर आणि त्यातला सेन्सर, पण तो भाग यायला नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत मी आईला तपासणीला नेण्यासाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरत होते. तेव्हापासून शोरूमच्या आधी मी जवळच्या बॉडी शॉपमध्ये जाते आणि विचारते, या गाडीचा पुढचा बंपर मागवला तर किती दिवसांत येतो? तुम्हीही जा. विक्रेता तुम्हाला रंग दाखवील, बॉडी शॉपवाला खरं सांगेल. विम्याचा भावही सही करण्याआधी, गाडीचं नेमकं मॉडेल घालून काढा. नव्या ब्रँडचा हप्ता कधी कधी हिशोबच उलटवतो.

गाडी ऐकते का? आजच्या सगळ्याच नव्या गाड्यांमध्ये कॅमेरे, माइक आणि सिम कार्ड असतं. अमेरिकेनं चिनी सॉफ्टवेअर असलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांवर 2027 च्या मॉडेलपासून बंदी घालणारा नियम केलाय, तेव्हा शंका हवेतली नाही. घरगुती वापरात करायचं ते साधं आहे. फोनबुक गाडीत उतरवू नका, नको त्या परवानग्या बंद करा, गाडी परत देताना खातं पुसून द्या. मिस्टरांचा कारखाना संरक्षण खात्याचं काम घेत असेल तर तिथे अशी गाडी आत लावू देतात का, तेवढं विचारून ठेवा.

एमजी ब्रिटिश का? नाव ब्रिटिश आहे. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमधून शंभर वर्षांपूर्वी ते निघालं. एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा तुमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या लाँगब्रिजला सहाएक हजार माणसांचं काम गेलं. नाव नानजिंगच्या कंपनीनं घेतलं, पुढे ती एसएआयसीत गेली. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या गाड्या चीनमधून येतात. गाडी म्हणून एमजी चांगली आहे, पण 'ब्रिटिशच आहे' हे बाबांना सांगू नका. 33 वर्षं मोटार कारखान्यात काढलेला माणूस ते एका क्षणात ओळखेल आणि त्याला वाईट वाटेल.

बाबांना खरं सांगा. त्यांच्या रागामागे हातानं गाड्या घडवल्याचा अभिमान आहे. त्या अभिमानाला समजूत पटवायची असेल तर कारखान्यातल्याच गोष्टी सांगाव्या लागतील. जॅग्वार लँड रोव्हर 2008 पासून टाटांची आहे, हे ते छातीवर हात ठेवून सांगत असतील. त्याच कंपनीची चीनमध्ये चांगशूला चेरीबरोबर भागीदारी आहे, आणि चेरी म्हणजे जेकू बनवणारे. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीला गोशन या चिनी कंपनीचे सेल लागले, ज्यांचे पॅक पुण्यात जुळवले गेले. तुमच्या कॉव्हेंट्रीजवळ ॲन्स्टीला लंडनची काळी टॅक्सी बनते, तिची मालक गीली. व्हॉल्व्होही गीलीची. इथे विकलेल्या कितीतरी टेस्ला मॉडेल 3 शांघायहून आल्या, बीएमडब्ल्यूची पहिली आयएक्स3 शेनयांगहून. संडरलंडला बनणाऱ्या नव्या निसान लीफला सरकारी अनुदान 3750 पौंडांचं मिळालं, तिची बॅटरी शेजारच्याच कारखान्यातली, आणि त्या कारखान्याच्या कंपनीत मोठा वाटा एन्व्हिजन या चिनी समूहाचा. चीनशी ज्या हातमिळवणीवर बाबा रागावले आहेत ती मोठ्या लोकांनी बोर्डरूममध्ये केव्हाच करून टाकली. तुमच्या एका सहीनं ती बदलणार नाही.

तरी मी तुम्हाला 'मग बिनधास्त घ्या' म्हणणार नाही. मला बोचतं ते वेगळं आहे. डिसेंबर 2024 मध्ये ब्राझीलमध्ये बीवायडीच्या कारखान्याच्या बांधकामावरून तिथल्या अधिकाऱ्यांनी ठेकेदाराकडच्या 163 चिनी कामगारांची सुटका केली. गुलामगिरीसारख्या परिस्थितीत ते राहत होते, असं अधिकाऱ्यांनी म्हटलं. बीवायडीनं त्या ठेकेदाराशी संबंध तोडले. शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचे धागे तर 2022 मध्ये शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ सगळ्याच मोठ्या मोटार कंपन्यांपर्यंत, पाश्चात्त्य कंपन्यांपर्यंतही, नेऊन दाखवले. म्हणून बाबा विचारतील तेव्हा देशाचं नाव घेऊन वाद घालू नका. कामगाराची बाजू धरून बोला. त्या भाषेत तुमचं दोघांचं जुळेल, आणि बाबांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता मिस्टर. पत्रात त्यांच्यासाठी तुम्ही दीड ओळ खर्च केलीत, आणि मी तिथेच अडकले. ते एक्झॉस्टचे भाग बनवतात. इलेक्ट्रिक गाडीला एक्झॉस्ट नसतो. तुम्ही दारात चिनी गाडी आणा, जर्मन आणा की संडरलंडची आणा, त्यांच्या दृष्टीनं ती त्यांच्या कामाशिवाय चालणारी गाडी आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रसेल्सचा ऑडीचा कारखाना बंद झाला. तिथे महागडी इलेक्ट्रिक एसयूव्हीच बनत होती, तरी सुमारे 3 हजार कामगारांची नोकरी गेली. लाँगब्रिजची आठवण तर त्या भागातल्या प्रत्येक कारखान्यात कुणी ना कुणी सांगत असतं. "तुला हवी ती घे" या चार शब्दांत किती काय दडलेलं असेल, याचा विचार करा. त्यांना गाडीबद्दल विचारू नका. कारखान्यात पुढच्या दोन वर्षांच्या ऑर्डरी कशा आहेत, ते विचारा. मुलं झोपल्यावर, टीव्ही बंद करून. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी बॅटरीचे ट्रे, शीतकरणाच्या नळ्या असं काही काम कंपनी घेतेय का? त्यांना नवं काही शिकून घ्यायचंय का? त्या बोलण्यातून असं निघालं की त्यांची नोकरी डळमळीत आहे, तर चार वर्षांचा कुठलाही हप्ता आत्ता डोक्यावर घेऊ नका, गाडी कितीही स्वस्त असो.

आता माझा निर्णय. रुग्णालयात चार्जर मिळत असेल आणि मिस्टरांशी बोलून मन स्थिर असेल, तर दोन-तीन वर्षं वापरलेली चिनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्या, एमजी किंवा बीवायडी, जिचा डीलर जवळ असेल ती. नवीनच हवी असेल तर पीसीपीवर, आणि आधी संडरलंडची लीफही चालवून बघा. चार्जर मिळत नसेल तर 700 पौंड क्लचमध्ये घाला. ते पैसे वाया गेले असं वाटेल, पण वर्षभर गाडी चालेल, तोवर दारात जागा असलेलं घर होईल आणि या गाड्या आणखी उतरतील. मी तुमच्या जागी असते तर क्लचच बदलला असता.

राहिले बाबांचे गुडघे, आणि तेवढ्यासाठी एसयूव्हीच लागते असं नाही. आज रात्री त्यांना फोन करा आणि सांगा, घरात ज्या खुर्चीवर तुम्हाला त्रास न होता बसता-उठता येतं तिची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची टेपनं मोजा. कारखान्यातला माणूस आहे, मिलिमीटरमध्ये सांगेल. तो आकडा आणि एक टेप घेऊन शोरूममध्ये जा, दार उघडा आणि पुढच्या सीटची कडा जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे तेही मोजा, कारण पाय उचलून त्यावरून न्यावा लागतो. जुनीच गाडी ठेवलीत तर सीटवर घट्ट फोमची उशी घालून तोच आकडा गाठता येतो का बघा, आणि जमलं तर त्याच उशीवर त्यांना विमानतळावरून घरी आणा.